चिक चॉकलेट : हळदोण्याचा ट्रम्पेटवादक



या पानावर आपण बहुधा संतांची चरित्रे वाचता. आज आम्ही ज्या माणसाविषयी लिहीत आहोत त्याला कोणी संत म्हटलेले नाही. तो हॉटेलात, नाचाच्या दिवाणखान्यात आणि सिनेमाच्या स्टुडिओत ट्रम्पेट वाजवून पोट भरणारा गृहस्थ होता. परंतु त्याचे शिक्षण आपल्याच घरात झाले, म्हणजे चर्चच्या सावलीत. आणि आपल्यापैकी ज्यांनी 'अलबेला' हा चित्रपट पाहिला आहे, त्यांनी या माणसाला ऐकलेही आहे आणि पाहिलेही आहे. नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक असेल. जळगाव-धुळ्याकडच्या वरातीत बॅण्डवाले त्या चित्रपटाच्या चाली अजून वाजवतात. पुढे चालणारा ट्रम्पेटवाला गाल फुगवून पहिली ओळ फुंकतो आणि घोड्यामागची सारी मंडळी नाचू लागतात. त्या फुंकरीचा उगम शोधत गेलो, तर आपण गोव्यातल्या बारदेश तालुक्यात, म्हापसा नदीच्या काठी वसलेल्या हळदोणा गावी जाऊन पोहोचतो.

तेथे १९१६ साली आंतोनियो झेवियर वाझ याचा जन्म झाला. गाव मोठे, नदीकाठी संत थॉमसचे जुने भव्य चर्च. गोव्यात त्या वेळी पोर्तुगीजांचे राज्य होते. पोर्तुगीज राजवटीविषयी चांगले-वाईट पुष्कळ बोलता येईल, पण एक गोष्ट तिच्या पदरात घातलीच पाहिजे. गोव्यात जवळजवळ प्रत्येक धर्मग्रामाला जोडून एक शाळा असे आणि तीत मुलांना संगीत शिकवले जाई. शिकवणाऱ्याला 'मेस्त' म्हणत. मेस्त मुलांना आधी पाच रेषांवरची स्वरलिपी वाचायला लावी, मग हातात व्हायोलिन देई. मिस्सेत गायचे, सणाच्या दिवशी वाजवायचे, मिरवणुकीत बॅण्डबरोबर चालायचे, असा तो क्रम होता. शेतकऱ्याचे, सुताराचे, खलाशाचे पोर दहाव्या-बाराव्या वर्षी लॅटिन स्तोत्राची चौपदरी स्वररचना कागदावरून वाचून गाऊ शके.

चौपदरी म्हणजे काय, ते थोडे सांगितले पाहिजे, कारण पुढची सारी कथा त्यावर उभी आहे. आपल्याकडे भजनी मंडळात सर्वजण एकच चाल गातात. कोणी वरच्या पट्टीत, कोणी खालच्या, पण चाल एक. युरोपच्या चर्चसंगीतात स्त्रियांचे दोन व पुरुषांचे दोन असे चार आवाज एकाच वेळी चार निरनिराळ्या वाटांनी चालतात आणि तरीही एकमेकांशी जुळलेले राहतात. यालाच हार्मनी म्हणतात. ही विद्या भारतात त्या काळी फार थोड्यांकडे होती. लष्करी बॅण्डवाल्यांकडे होती, अँग्लो-इंडियन लोकांकडे होती, आणि गोव्यातल्या या मुलांकडे होती.

विद्या होती, पण गावात तिला पैसा नव्हता. म्हणून गोव्याचे वादक मुंबईला येत. तेथे धोबीतलाव, माझगाव या भागांत त्यांच्या 'कूड' असत, म्हणजे एकेका गावाच्या लोकांनी मिळून चालवलेल्या स्वस्त निवासाच्या खोल्या. भिंतीला लागून पत्र्याच्या पेट्या, मध्ये वेदी, संध्याकाळी सर्वांनी मिळून रोजरीची प्रार्थना. कोणी बोटीवर नोकरी धरी, कोणी खानसामा होई, कोणी वादक. मूकपटांच्या काळात पडद्यासमोर बसून वाजवणाऱ्यांत गोवेकर पुष्कळ होते. १९३१ साली 'आलम आरा' आला, चित्रपट बोलू लागले आणि त्या वादकांची रोजी गेली. यंत्राने माणसाची जागा घेण्याची चर्चा आज आपण मोबाईल आणि संगणकावरून करतो. ती इतकी जुनी आहे.

आंतोनियोच्या आईची इच्छा मुलाने मेकॅनिक व्हावे अशी होती. आम्हांला त्या माउलीला दोष द्यावासा वाटत नाही. आपल्या धर्मग्रामात किती आईबाप दहावीचा निकाल लागताच आयटीआयचा अर्ज घेऊन येतात आणि शिफारसपत्र मागतात, ते आम्ही दरवर्षी पाहतो. मुलाच्या हाताला पाना-पेचकस असावा, म्हणजे उपाशी राहणार नाही, हा हिशेब खोटा नाही. पण या मुलाच्या हाताला ट्रम्पेट हवा होता, आणि डोळ्यांसमोर एक दूरदेशीचा माणूस होता.

तो माणूस म्हणजे लुई आर्मस्ट्राँग. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात १९०१ साली अत्यंत गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात तो जन्मला. १९१२ च्या वर्षअखेरीच्या रात्री, अकरा वर्षांचा असताना, त्याने रस्त्यात पिस्तूल उडवले म्हणून पोलिसांनी धरले आणि अनाथ-उनाड मुलांच्या सुधारगृहात ठेवले. तेथल्या बॅण्डमध्ये त्याला कॉर्नेट नावाचे ट्रम्पेटसारखे वाद्य नीट शिकायला मिळाले. पुढे त्याने जॅझ संगीताचे रूपच बदलून टाकले. जॅझ म्हणजे गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांच्या वंशजांनी बॅण्डची वाद्ये, चर्चमधली गीते आणि शेतातली कष्टाची गाणी यांतून उभे केलेले संगीत. त्यात चाल ठरलेली असते, पण वाजवणारा ती तशीच वाजवत नाही. आपल्या गवयाने बंदिश मांडून मग तिच्यात उपज करावी, तसे तो तिथल्या तिथे नवे स्वर गुंफत जातो. साक्री-नवापूर भागात पावरी वाजवणाऱ्या बांधवांना हे वेगळे सांगायला नको. रात्रभर नाच चालला की पावरीवाला तेच ते किती वेळ वाजवणार?

जॅझ मुंबईत आले ते ताजमहाल हॉटेलातून. १९३५ साली लिऑन ॲबी हा अमेरिकी कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक आपला बॅण्ड घेऊन तेथे आला. त्याच्या मागोमाग ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आला, पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आला. वेदरफोर्ड तर भारतातच राहिला आणि १९४५ साली कलकत्त्यात पटकीने वारला. स्वतःच्या देशात ज्यांना गोऱ्यांच्या हॉटेलात पुढच्या दाराने शिरता येत नव्हते, ते येथे ताजमध्ये सन्मानाने वाजवत होते. आणि गंमत अशी की त्याच मुंबईत भारतीय माणसाला मज्जाव असलेले गोऱ्यांचे क्लब होते. गोवेकर तरुण या वादकांना ऐकत, त्यांच्यातला एखादा आजारी पडला तर त्याच्या खुर्चीवर बसत, आणि शिकत. स्वरलिपी वाचता येत असल्यामुळे त्यांना अर्धी वाट आधीच चालून झालेली होती. उरलेली अर्धी, म्हणजे कागद बाजूला ठेवून वाजवण्याची, कठीण होती.

आंतोनियो वाझने ती वाट चालली. या काळात त्याने 'चिक चॉकलेट' हे नाव घेतले आणि पुढे जगाने त्याला त्याच नावाने ओळखले. गोवेकर वादकांनी अशी नावे घेणे त्या वेळी सर्रास चाले. तबकडीवर आणि हॉटेलच्या फलकावर परदेशी वाटणारे नाव गिऱ्हाईक ओढी. तो आर्मस्ट्राँगसारखा ट्रम्पेट वाजवी, त्याच्यासारखा घोगरा आवाज काढून गाई, त्याच्यासारखा हातात पांढरा रुमाल धरी. लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

या बिरुदापाशी आम्ही थोडे थबकतो. नकलाकार म्हणून त्याला हिणवणारेही असतात. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचे एक मत वाचले होते, की मनुष्य हा सर्व प्राण्यांत अधिक अनुकरणशील आहे आणि त्याचे पहिले शिक्षण अनुकरणातूनच होते. ते खरे धरले तर नक्कल हा दोष ठरत नाही. दोष असेलच तर नकलेतच राहून जाण्याचा. चिक तेथे राहिला का? आम्हांला वाटते, नाही. पण त्याचे उत्तर हॉटेलात सापडत नाही, सिनेमात सापडते.

१९४५ च्या सुमारास त्याचा अकरा जणांचा बॅण्ड उभा राहिला. नाव 'चिक अँड द म्युझिक मेकर्स'. अनेक बॅण्डांशी स्पर्धा करून त्यांनी ग्रीन्स हॉटेलचा करार मिळवला. ग्रीन्स हे ताजच्या शेजारचे हॉटेल, मालकी ताजवाल्यांचीच. आज त्या जागी ताजचा उंच मनोरा आहे. युद्धाचे दिवस, मुंबईत परदेशी सैनिकांची गर्दी, नाचाला रोज रात्री माणसे. शेजारी ताजमध्ये मिकी कोरेया हा सॅक्सोफोनवादक १९३९ पासून बॅण्ड चालवत होता, आणि तो वीसहून अधिक वर्षे चालवत राहिला. सॅक्सोफोन हे तसे तरुण वाद्य. बेल्जियमच्या ॲडॉल्फ सॅक्सने १८४६ साली त्याचे पेटंट घेतले. पण नाचाच्या बॅण्डमध्ये चार-पाच सॅक्सोफोन एका रांगेत बसले की त्यांचा मऊ, भरदार आवाज दिवाणखाना व्यापून टाकी आणि त्यावर एकट्या ट्रम्पेटने चमकून जायचे असे. चिकचे काम ते चमकण्याचे.

उन्हाळ्यात हे बॅण्ड मसुरीसारख्या थंड हवेच्या ठिकाणी जात, हिवाळ्यात कलकत्त्याला. मुंबईहून कलकत्त्याची आणि दिल्लीची जुनी मोठी गाडी आपल्या चाळीसगाव-जळगाव-भुसावळवरूनच जाते. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत तेव्हा अँग्लो-इंडियन कुटुंबे पुष्कळ होती. मध्यरात्री फलाटावर गाडी उभी राहिली असताना तिसऱ्या वर्गाच्या डब्यात पितळी वाद्यांच्या पेट्या उशाला घेऊन ही मंडळी कितीदा झोपलेली असतील!

मग दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. १९४७ साली इंग्रज गेले आणि त्यांच्याबरोबर नाचाचे निम्मे गिऱ्हाईक गेले. १९४९ साली मुंबई दारूबंदी कायदा झाला. दारूबंदीचे घराघराला झालेले लाभ आम्ही नाकारत नाही. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे आमच्या रोजच्या पाहण्यात आहेत. परंतु नाचघरे ओस पडली आणि वादक बेकार झाले, हेही त्याच कायद्याचे फळ. रात्री वाजवून दिवसा झोपणाऱ्या या माणसांना आता दिवसा काम शोधणे आले, आणि ते मिळाले चित्रपटांत.

चिकला तेथे जो जोडीदार भेटला तो आपल्या मराठी मुलखातला. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र चितळकर, १९१८ साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याला जन्मले. गोदावरीकाठचा हा माणूस रागदारी शिकलेला, लावणी-भजन अंगात मुरलेले, पण कान चौफेर उघडे. १९४७ च्या 'शहनाई' चित्रपटात त्यांनी पाश्चात्त्य धर्तीचा ठेका आणला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. १९५० च्या 'समाधी'त 'गोरे गोरे' हे गाणे केले, त्याची चाल कारमेन मिरांडाने पडद्यावर गायलेल्या एका अमेरिकी गाण्यावरून उचललेली. अशा संगीताला हाताशी असे लोक लागतात ज्यांच्या रक्तात तो ठेका आहे. चिक चॉकलेट त्यांचा वादक आणि सहाय्यक झाला.

सहाय्यकाचे काम काय असे, हे पाहण्यासारखे आहे. संगीत दिग्दर्शक पेटीवर बसून चाल गाऊन दाखवी. ती चाल एकपदरी, आपल्या पद्धतीची. समोर वीस-तीस वादक बसलेले. त्यांतले सतारवाले, तबलेवाले, बासरीवाले कानाने ऐकून वाजवणारे, आणि व्हायोलिन-चेलो-ट्रम्पेट-सॅक्सोफोनवाले कागदाशिवाय एक स्वर न काढणारे, कारण त्यांना बोलावलेच होते ते कागदावरून एकजुटीने वाजवण्यासाठी. या दोन जगांच्या मध्ये एक माणूस लागे. तो चाल ऐकून भराभर पाच रेषांवर उतरवी. गाण्याच्या आधी काय वाजेल, दोन कडव्यांच्या मधली जागा कशाने भरेल, गायिकेच्या आवाजामागे व्हायोलिनची दुसरी वाट कोठून जाईल, ट्रम्पेट कोठे चमकेल आणि कोठे गप्प बसेल, हे सारे तो लिही आणि प्रत्येक वादकासाठी वेगळा कागद तयार करी. मग गायक व वादक एकाच खोलीत, एकाच वेळी वाजवून ध्वनिमुद्रण होई. एकाचा स्वर चुकला की सर्वांनी पुन्हा पहिल्यापासून.

हे काम करणारे बहुतेक गोवेकर ख्रिस्ती होते. शंकर-जयकिशन यांच्यासाठी सेबॅस्टियन डिसोझा वर्षानुवर्षे लिहीत राहिले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले, आणि पुढे १९७७ च्या चित्रपटातल्या एका गाजलेल्या गाण्यात त्यांनी गुरूचे नाव गोवून ठेवले. फ्रँक फर्नांड होते, आणि आपला चिक. धर्मग्रामाच्या शाळेत लॅटिन मिस्सेसाठी शिकलेली चौपदरी हार्मनी अशा रीतीने हिंदी गाण्यात उतरली आणि रेडिओवरून आपल्या खेड्यापाड्यांत पोहोचली. चर्चमध्ये शिकलेली विद्या नाचघरात आणि सिनेमात वापरली म्हणून त्या काळी कुरकुर करणारे होते, आजही असतील. ज्याला त्याला आपले मत असू द्यावे. आमचे मत असे, की मेस्ताने मुलाला स्वर शिकवला तो काही परतीच्या अटीवर नव्हे.

पोस्टरवर मात्र नाव संगीत दिग्दर्शकाचे असे. वादकाला रोजंदारी मिळे, आणि गाणे पुढे पन्नास वर्षे वाजले तरी त्याचा त्या वादकाला उपयोग नसे. हा अन्याय होता असे आम्ही स्पष्ट म्हणतो. सी. रामचंद्रांचे मोठेपण त्याने कमी होत नाही, चाल त्यांचीच होती. पण ज्या रूपात ती आपल्या कानी पडते ते रूप अनेकांनी मिळून घडवले, आणि त्या अनेकांची नावे आपल्याला शोधावी लागतात.

१९५१ साली 'अलबेला' आला. दिग्दर्शक आणि नायक भगवानदादा, म्हणजे भगवान पालव, गिरणगावात वाढलेला बुटका, गोलमटोल माणूस. नायिका गीता बाली. चित्रपट असा चालला की भगवानदादा श्रीमंत झाले. पुढे ती श्रीमंती गेली आणि अखेरीस ते पुन्हा चाळीत राहायला आले, २००२ साली वारले. त्या चित्रपटात एकीकडे लताबाईंच्या आवाजातली शांत अंगाई आहे आणि दुसरीकडे बोंगो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट यांनी धडधडणारी नाचाची गाणी. झालरी लावलेले सदरे घालून चिक आणि त्याचे सोबती पडद्यावरही दिसतात. त्यात आर्मस्ट्राँगची नक्कल शोधून पाहा. सापडत नाही. ट्रम्पेट अमेरिकेचा, ठेका क्यूबाकडचा, चाल पुणतांब्याच्या माणसाची, नाच गिरणगावचा, आणि हे सगळे एका जागी बसवणारा कान हळदोण्याच्या चर्चमध्ये तयार झालेला. हे दुसरे कोणी करून ठेवलेले नव्हते की त्याची नक्कल व्हावी.

त्याच वर्षी चिकने स्वतः संगीत दिग्दर्शक म्हणून 'नादान' हा चित्रपट केला. देव आनंद आणि मधुबाला यांचा. त्यातले तलत महमूद यांनी गायलेले तसबिरीचे गाणे जुन्या गाण्यांचे शौकीन अजून आवर्जून ऐकतात. ते ऐकले तर आश्चर्य वाटते. ज्याच्याकडून पितळी वाद्यांचा दणका अपेक्षित, त्याने हळुवार, जवळजवळ कुजबुजीत गाणे दिले. पुढच्या वर्षी 'रंगीली' आला. पण संगीत दिग्दर्शक म्हणून त्याचा जम बसला नाही. निर्मात्यांशी बोलणी करणे, पैशाचा तगादा लावणे, कवी आणि गायक यांची मर्जी सांभाळणे, हा धंदा निराळा आहे, आणि उत्तम वादकाला तो साधतोच असे नाही. तो पुन्हा वादनाकडे आणि सहाय्यकाच्या कामाकडे वळला.

पन्नाशीच्या आणि साठीच्या दशकांत अमेरिकेचे मोठे जॅझ वादक सरकारी दौऱ्यांवर भारतात येऊ लागले. १९५८ साली डेव्ह ब्रुबेक आला, १९६३ साली ड्यूक एलिंग्टन. त्यांना ऐकायला जी गर्दी होई तिच्यात दिवसभर स्टुडिओत वाजवून आलेले गोवेकर वादक असत. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला होता. कलकत्त्याहून मनोहारी सिंग १९५८ च्या सुमारास मुंबईत आले होते आणि सिनेमाच्या गाण्यात सॅक्सोफोनचे दिवस सुरू झाले होते. गिटारही पुढे सरकत होती. ट्रम्पेटचा मान हळूहळू कमी होत गेला.

मे १९६७ मध्ये चिक चॉकलेट वारला. वय पन्नाशीच्या जेमतेम पलीकडे. त्याच्या तबकड्या, ७८ फेऱ्यांच्या त्या काळ्या थाळ्या, फार थोड्या उरल्या. बऱ्याच वर्षांनी, २०१२ साली, नरेश फर्नांडिस यांनी 'ताज महाल फॉक्सट्रॉट' या पुस्तकात या सर्व वादकांची हकिगत एकत्र केली आणि विस्मरणात गेलेली नावे पुन्हा लोकांपुढे आली. त्यानंतर 'नाचोंया कुंपासार' हा कोंकणी चित्रपट याच काळातल्या गोवेकर वादकांवर निघाला.

ज्यांना या माणसाला पाहायचे असेल त्यांनी त्याच्या अखेरच्या कामांपैकी एक असलेला 'आखरी खत' हा १९६६ चा चित्रपट मिळवावा. चेतन आनंद यांचा, काळापांढरा. राजेश खन्ना यांचा हा पहिला चित्रपट. आईविना झालेले एक अगदी लहान मूल मुंबईच्या रस्त्यांवर एकटेच भटकत राहते, अशी कथा. संगीत खय्याम यांचे. मध्येच एका क्लबातले रात्रीचे गाणे आहे, गायक भूपिंदर सिंग स्वतः पडद्यावर गात आहेत. बहुतेक जण त्यांच्याकडे पाहतात. गाण्याच्या मधल्या जागांत कॅमेरा ट्रम्पेटवाल्याकडे जातो. भरलेला चेहरा, मिटत आलेले डोळे, बोटे तीन कळांवर. तोच आपला आंतोनियो वाझ.